न दिलेली ओ

बातमीत ‘म्हणे’ लिहायचं नाही, हे मला पहिल्याच नोकरीत शिकवलं गेलं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे जे घडलं तेवढंच लिहितो.

गेल्या हिवाळ्यात पाचूबंदरजवळच्या संरक्षित खारफुटीतल्या कोल्ह्यांवर लेख करायचा होता. रीतसर परवानगी काढली. सोबत आचोळ्याचा पक्षीनिरीक्षक मंदार, आणि वाट दाखवायला फिलोमावशी. त्या लहानपणापासून याच चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडतात.

आत झाडी इतकी दाट, की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. म्हणून तिथली रीत अशी – पुढच्याने अधूनमधून हाक मारायची, मागच्या प्रत्येकाने ओ द्यायची. मंदार म्हणाला, ही तर शाळेची हजेरी.

“शालेत गैरहजर राहिलास तर घरी असतोस,” मावशी म्हणाल्या. “इथं पान्यात असशील.”

सकाळी अकराच्या सुमारास मी मागे पडलो. समोर पंधरा फुटांवर कोल्हा उभा होता. मी फोनवर व्हिडिओ सुरू केला. तेवढ्यात मावशींची हाक आली. ओ दिली असती तर तो पळाला असता... मी गप्प राहिलो. दुसऱ्या हाकेलाही.

कोल्हा गेला तेव्हा माझे पाय मांडीपर्यंत रुतले होते आणि भरती सुरू झाली होती. मग मी ओरडलो, पाच-सहा वेळा. कोणी उत्तर दिलं नाही. पाणी कमरेला लागलं तेव्हा मावशी आणि मंदार आले. दोघांनी दोरी टाकून मला ओढून काढलं.

बांधावर आल्यावर ओ दिली नाही म्हणून मी माफी मागितली. मावशींना कळेना.

“दिलीस की. दोनदा. दुसरी पान्याच्या बाजूनं आली, म्हनून तर मी तिकडं वलले.”

“आणि नंतर ओरडत होतो ते?”

“ते काय नाय ऐकलं, बाबा.”

मंदारनेही दोन्ही ओ ऐकल्या होत्या. आवाज माझाच होता, असं तो आजही सांगतो.

वारा त्यांच्याकडून माझ्याकडे होता. माझं ओरडणं पोहोचलं नसेल. पण ओ?

व्हिडिओ मी अनेकदा पाहिला आहे. मावशींच्या दोन्ही हाका त्यात स्पष्ट आहेत. त्यानंतर माझा श्वास – बाकी काही नाही. फक्त दुसऱ्या हाकेनंतर कोल्हा मान वळवतो. तो माझ्याकडे पाहत नाही. माझ्या डाव्या खांद्यामागे, पाण्याच्या बाजूला पाहतो, आणि मग पळतो.

तिथे काय होतं, हे मला अजून सांगता येत नाही.