चिंचेने घासलेली पितळी पट्टी

बाळांनो, तुमच्या आजोबांनी बंदुकीचे भाग बनवले होते, हे तुम्हाला पुण्यात कुणी सांगितलं नसेल.

इकडे परदेशात, न्यू लिनला तुमच्या मामाकडे येऊन आम्हाला वर्ष होत आलं होतं. तीस वर्षं कारखान्यात टूलरूम सांभाळलेला माणूस दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या बस बघायचा. मग शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना आपल्या गॅरेजमध्ये बोलावलं. ते दुर्मीळ, जुन्या लष्करी शॉटगन जमवत आणि मिळत नसलेल्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करत. आजोबा रोज तिकडे जायला लागले. जेवताना बोलायलाही लागले.

एकदा त्यांनी एका बंदुकीच्या दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी मापं घ्यायला घरी आणली. तशीच दुसरी करायची होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी त्यांची कानस, कॅलिपर, माझी विळी, कात्री, सगळं पूजेला मांडलं. पट्टी काळवंडलेली दिसली. तशी कशी पाटावर ठेवायची? चिंच-मीठ लावून लख्ख घासली, कुंकू लावलं, परसातल्या कोव्हाईच्या झाडाची पिवळी फुलं वाहिली.

आजोबा आंघोळ करून आले आणि पाटासमोर थबकले.

"हे काय केलंस?"

"घासली. किती मळली होती."

"अगं, मळ नव्हता तो. शंभर वर्षांचा रंग होता. त्यावरूनच अस्सल ओळखतात." मग खुर्चीत बसत हळूच म्हणाले, "आता तिकडे मला कोण उभं करणार?"

पुन्हा ती खिडकी माझ्या डोळ्यांसमोर आली. पट्टी घेऊन मी स्वतःच शेजारी गेले. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, पण नुसतं 'सॉरी' म्हणून पट्टी पुढे केली.

शेजाऱ्यांनी पट्टी बराच वेळ उजेडात फिरवली. "हा लाल ठिपका कसला?"

मी सांगितलं, आज आम्ही हत्यारं स्वच्छ करून पुजतो.

"तो रंग माझ्या हयातीत परत यायचा नाही," ते म्हणाले. मग पट्टी माझ्या हातात परत देत म्हणाले, "त्याला सांगा, दुसरी आता हिच्यासारखीच चकचकीत कर. आणि चहाला उशीर करू नकोस म्हणावं."

पुढच्या खंडेनवमीला ते शेजारीच दोन्ही पट्ट्या घेऊन दारात आले. दोन्ही किंचित काळवंडल्या होत्या. कुठली आजोबांची, ते मला सांगता आलं नसतं.

"फुलं चालतील," ते मला म्हणाले. "घासायचं मात्र काही नाही."