नाव कापणारे दादा

गुन्ह्याची बातमी हातात आली की दादा आधी पेन काढायचे, आरोपीचं नाव कापायचे आणि वर लिहायचे, ‘एक युवक’. बातमी वाचायची ती त्यानंतर.

उज्जैनच्या टावर चौकाजवळ आमच्या छोट्या हिंदी दैनिकाचं ऑफिस. दादा संपादक, मी डेस्कवर. वार्ताहर त्यांना चिडवायचे, “दादा, अपने उज्जैन में सारे कांड एक ही युवक कर रहा है! सुबह फ्रीगंज में चोरी, शाम को भैरवगढ़ में मारपीट!”

दादा हसायचे. “अभी इल्ज़ाम है भैया, जुर्म नहीं.”

कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. “भैरवगढचा एक कापडावर छापे मारणारा छपाईवाला होता गं. चोरीत नाव आलं, मी मोठ्या अक्षरांत छापलं. कोर्टातून सुटला तेव्हा कागद घेऊन आला. म्हणाला, ‘साहब, ये भी उतना ही बड़ा छाप दो.’ मी आतल्या पानावर दोन ओळी दिल्या. पुन्हा त्याला कुणी काम दिलं नाही.” त्या दोन ओळी दादांना तोंडपाठ होत्या.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तत्त्वाचा पक्का, म्हणून जरा डोक्याला ताप. मला ते फार आवडायचे.

गेल्या वर्षी गणिताच्या ट्यूशनवाल्या एका सरांविरुद्ध छेडछाडीची तक्रार झाली. दादांनी नाव कापलं.

“दादा, आईबापांना कळायला नको?” मी भांडले.

“पोलिसांचं चालान, आरोपपत्र, पेश होऊ दे कोर्टात. खोटं निघालं तर माणूस आयुष्यातून उठेल.”

‘एक शिक्षक’ एवढंच छापून आलं. माझी मुलगी त्याच सरांकडे जायची. त्याच संध्याकाळी मी तिचा क्लास बंद केला. ऑफिसातल्या आणखी दोघांनीही आपापली मुलं काढली, गुपचूप. आम्हाला नाव ठाऊक होतं ना! शहराला नव्हतं, एवढंच.

महिन्याभरानं त्याच सरांविरुद्ध दुसरी तक्रार आली. दादा उशिरा आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “माझी नात आहे.”

मी हादरले. नात तिथं जाते हे त्यांना माहीत होतं. “तुम्ही घरीसुद्धा सांगितलं नाहीत?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“वाचकांना नाही सांगितलं, मग घरी कसं सांगू?”

इतका सरळ माणूस असतो? आणि असावा?

बातमी त्यांनी स्वतः लिहिली. नातीचं नाव अर्थातच नव्हतं, पण सरांचं पूर्ण होतं, आडनावासकट. कागद माझ्या हाती देत म्हणाले, “तुझी पोर पण तिथंच आहे ना? आजच काढ तिला.”

खोटं बोलता आलं असतं. “मागच्याच महिन्यात काढली, दादा,” मी म्हटलं.

त्यांनी ऑफिसभर नजर फिरवली. “बाकीच्यांनी पण?”

मी होकारार्थी मान हलवली.

“म्हणजे माझी नात आणि आपले वाचक, एवढेच राहिले,” असं म्हणून ते उठले आणि सावकाश जिना उतरून गेले.

नंतर ते ऑफिसात आले नाहीत. मीही त्यांच्या घरी गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार?