पावणं गेलं काय?

बाळाची झोप जितकी तोकडी, तितके त्या घरातले किस्से लांब! आमच्या राजवीरच्या दुपारच्या झोपेनं वर्षभर पुरतील एवढे किस्से दिलेत. सांगायला बसलं की नेमका तो उठतो, म्हणून भराभर सांगते.

आधी माझी अडचण ऐका. बाळंतपणाची रजा संपत आली होती. पुण्यातले आमचे साहेब म्हणाले होते, "दुपारच्या मीटिंगला शांतपणे बसू शकलात, तर कोल्हापुरातूनच काम करा. नाहीतर पुण्याला यावं लागेल." आणि आमचे चिरंजीव असे झोपायचे, की मी चहा गाळून कपात ओतेपर्यंत डोळे टक्क उघडे! याला पुण्याला नेऊ की इथं ठेवून जाऊ, या विचारानं माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

*

पहिला उपाय म्हणजे घरात शांतता. पण आम्ही पडलो कोल्हापूरकर! एकदा राजवीर झोपलेला आणि सासरे फोनवर बोलत होते. मी खुणेनं सांगितलं, "हळू!" ते गॅलरीत गेले आणि तिथून मला म्हणाले, "अगं, हळूच बोलतोय की मी!"

समोरच्या किराणा दुकानातून उत्तर आलं, "व्हय, ऐकू आलं हितं!"

*

शेजारच्या काकूंना बाळाची भारी काळजी. त्याचा डोळा लागला की बरोबर त्याच वेळी जिन्यातून हाक, "झोपलं काय गं बाळ?" की हा जागा झालाच! पोराला 'झोप' हा शब्दच सहन होत नाही, अशी सासूबाईंची खात्री पटली. त्यांनी फर्मान काढलं, "आजपास्नं झोपला म्हणायचं न्हाय. झोपला की 'पावणं गेलं', उठला की 'पावणं आलं'!"

ही युक्ती काही दिवस झकास चालली. मग सासऱ्यांचे एक लांबचे पाहुणे लग्नाची पत्रिका घेऊन आले. हातात पोह्यांची बशी, पहिला घास तोंडात. तेवढ्यात सासऱ्यांनी आत बघून विचारलं, "काय गं, गेलं काय पावणं?"

सासूबाई आतून, "कुठलं जातंय! पडलंय नुसतं, डोळं फिरवत!"

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. जाताना पत्रिकाही परत घेऊन गेले.

*

मग बाळाचे डॉक्टर म्हणाले, "खोलीत अंधार करा, रोज एकाच वेळी निजवा." आमच्या ह्यांनी खिडकीला जाड सतरंजी ठोकली. सासरे राजवीरला घेऊन आत गेले. बराच वेळ आवाज नाही! मी घाईघाईनं लॅपटॉप उघडला. सासूबाईंनी दार किलकिलं करून आत बघितलं आणि म्हणाल्या, "थोरलं पावणं गेलं. धाकटं त्यांच्या मिशा वढत बसलंय!"

तेव्हापासून आमच्याकडे कुणीही झोपलं, तरी 'गेलं'च म्हणतात.

*

शेवटी खरी खुबी सापडली ती सासूबाईंनाच. झोपेत चुळबुळ सुरू झाली, की तो उठायच्या आधीच पोटावर हात ठेवायचा आणि हलकं थोपटायचं. गडी पुन्हा झोपतो! फक्त हात काढायचा नाही. त्या दिवशी सासूबाई बसून राहिल्या आणि कितीतरी दिवसांनी मी गरम चहा प्यायले. मला रडूच आलं.

"रडतीयास काय?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हाताला मुंग्या आल्यात. बदली माणूस बघ!"

*

मीटिंगच्या दिवशी नेमका सासूबाईंचा खांदा धरला. ह्यांना सुट्टी नाही. म्हणून सासूबाईंनी हातकणंगल्याहून आपल्या भावाला बोलावून घेतलं. मामा राजवीरशेजारी चटईवर आडवे झाले आणि पोटावर हात ठेवला. मी पलीकडच्या खोलीत लॅपटॉपसमोर. तोंडानं साहेबांना "हो सर, हो सर" आणि कान भिंतीकडे! रडण्याचा आवाज येईना, तर त्याचीच धास्ती वाटायला लागली.

तेवढ्यात सासूबाई लगबगीनं आत आल्या. माझा माइक चालू.

"अगं, मामा गेलं!"

साहेब बोलायचे थांबले. "कोण... कोण गेलं?"

सासूबाई स्क्रीनसमोर वाकल्या. "माझा भाऊ हो! बाळाला थोपटता थोपटता दोघं एकदमच गेलं बघा! सुटलो एकदाचं!"

मी माइक बंद करायला धडपडतेय, तोवर साहेब खुर्चीतून उभेच राहिले.

"मॅडम, मीटिंग राहू द्या. पुण्याला यायचं डोक्यातून काढून टाका, घरूनच काम करा. पण... पण डॉक्टरांना बोलावलं का?"

सासूबाईंचा आवाज चढला.

"डॉक्टर कशाला? तुमी आधी हळू बोला की! उठतील दोघंबी!"