प्लंबरचा निबंध

आमच्या इमारतीचा प्लंबर तीस वर्षं नळ दुरुस्त करतोय. तंत्रशाळेत शिकवायची जागा निघाली आणि उमेदवारांकडून ‘गळका नळ कसा दुरुस्त करावा’ यावर निबंध मागवला. याला त्या जागेची फार आशा. कच्चा खर्डा घेऊन माझ्याकडे आला.

“आजी, जरा चुका काढा.”

पहिलं पानभर नुसती पाण्याची थोरवी. मी सरळ काट मारली.

“अहो, किती सुंदर लिहिलं होतं!”

“सुंदर आहे, पण नळ अजून गळतोच आहे. आता पुढे लिहिलंय तसं मी करून बघते. तू मध्ये बोलायचं नाहीस.”

पाना घेऊन मी स्वयंपाकघरातला नळ खोलायला लागले. त्याने तोंड उघडलं, मी डोळे वटारले. पुढच्याच क्षणी पाण्याची चिळकांडी थेट छताला! दोघंही चिंब.

“मुख्य कॉक बंद करायचं कुठे लिहिलंयस, शहाण्या?”

“ते काय लिहायचं? ते हात आपोआप करतात!”

“मग पोरांना तुझे हात वाटणार आहेस का?”

कॉक बंद करून तो पोट धरधरून हसला आणि ‘आधी मुख्य कॉक बंद करा’ हे वाक्य त्याने निबंधात सगळ्यात वर लिहिलं.

जागा त्यालाच मिळाली. नेमणुकीचं पत्र त्याने आधी मला दाखवलं, मग बायकोला. तिने मला अजून माफ केलेलं नाही.