नागवेकर बोसनचं प्लास्टिकचं जहाज

माझे भावोजी गुरुप्रसाद नागवेकर दोरीवर जेवढा विश्वास ठेवतात तेवढा बायकोवर ठेवत नाहीत, आणि ती बायको म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण असल्यामुळे मला याचा राग येतो. तीस वर्षं ते मालवाहू जहाजावर होते, शेवटी बोसन झाले. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. निवृत्त होऊन भाट्याला गावच्या घरी आले तरी गाठी मारायची खोड गेली नाही. गॅसचा सिलिंडर दोरीने बांधलेला, फाटकाला कडी असून वर दोरी. विहिरीवरचा पत्रा तर असा आवळतात की पाणी काढायचं तर आधी भावोजींना शोधावं लागतं.

या माणसाच्या मनात एकच सल आहे. लग्न झाल्यावर त्यांनी आनंदीताईला शब्द दिला होता, एकदा तुला माझं जहाज दाखवीन. ते राहूनच गेलं. कधी जहाज लांबच्या बंदरात, कधी ताई बाळंतीण, कधी सासूबाई अंथरुणावर. शेवटी जहाजच मोडीत निघालं. ताई संधी मिळेल तेव्हा ऐकवते, "तीस वर्षा कुठं होतात ता एकदा डोळ्यांनी बगायला मिळाला असता, तर मी काय आनकी मागितला नसता!" एरवी तोंडाला तोंड देणारे भावोजी यावर उठून कुठलीतरी गाठ आवळायला जातात.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा हर्षद याने पुण्याहून एक खोका पाठवला. आत प्लास्टिकच्या जहाजाचे सुटे भाग, आपण जोडायचे. झाकणावरचं चित्र बघून भावोजी खुर्चीतून उठलेच. "माझ्या जहाजाच्याच घाटाचा हाय!" त्या दिवसापासून पडवीतलं टेबल त्यांचं झालं. हे कुठलं जहाज ते ताईला सांगायचं नाही, पुरं झाल्यावर दाखवायचं, असं त्यांनी मला बजावलं. खोक्यात एक छोटी बाटली होती, झाकणालाच बारीक ब्रश असलेली. ताईने ती उजेडात धरली आणि विचारलं, "ह्या वयात नखा कोनाची रंगवताव?"

बाटलीत होतं पातळ सिमेंट. नाव सिमेंट, रूप पाण्याचं. आपला नेहमीचा गोंद लावतात तसं हे आधी थापायचं नसतं. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि फटीला नुसतं ब्रशचं टोक टेकवायचं. ते आपणच फटीतून सरसर धावतं, प्लास्टिक जरासं वितळवतं आणि दोन्ही भाग एकजीव करतं. पण अट अशी की कुणीतरी ते भाग स्थिर धरायला हवेत. भावोजींचे हात हल्ली थरथरतात. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर, हात स्थिर; म्हटलं, मी धरतो. "मास्तर, तुमी आपले चित्र काढा," असं म्हणून त्यांनी जाळी विणायचा दोरा काढला आणि जहाजाच्या अंगाचे दोन अर्धे भाग त्याने आवळून बांधले. गाठी मात्र बघत राहाव्यात अशा होत्या.

आता या पातळ सिमेंटला अक्कल नसते. फट दिसली की ते शिरतं, मग ती जहाजाची असो की दोऱ्याखालची. दुसऱ्या दिवशी दोरा सोडला तर अंगभर वळ! दोऱ्याचा पीळ न् पीळ प्लास्टिकवर उमटलेला. मी म्हटलं, "भावोजी, मिठाईवाल्याकडून बांधून आणलंत काय?" ते हसले नाहीत. जहाज खोक्यात घालून त्यांनी खोका बांधला. अर्थात दोरीनेच.

हर्षदने दुसरा खोका पाठवला, पण सोबत फोनही केला, की दुकानातला हा शेवटचा, आता मिळायचा नाही. या खेपेला ताई स्वतःच येऊन टेबलाशी बसली. "द्या इकडं. मी धरते."

"तुला जमायचा न्हाय."

"तिसऱ्यांचे शिंपले उघडण्यात जन्म गेला माझा. ह्यो शिंपला बंद करायचा, येवडाच ना?"

भावोजी ब्रश घेऊन वाकले आणि डेकवर असल्यासारखे ओरडू लागले. "आवळू नको! ढिला सोडू नको!" सिमेंट नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून निघालं, सुरेख धावलं. मागच्या टोकाला मला दिसलं, ताईचा अंगठा नेमका फटीवर. "ताई, अंगठा!" मी ओरडलो. ती दचकली आणि तिने तो आणखीच दाबला.

अंगठा उचलला तेव्हा एकेक रेघ उमटली होती. भांडी घासून झिजलेला तिचा अंगठा रेशनच्या मशीनवर कधी उठत नाही, दर खेपेला वाद होतो. इथे लख्ख उठला.

ताईचा चेहरा उतरला. "मी नासवला तुमचा जहाज." भावोजींनी पॉलिशपेपर हातात घेतला. ते आता तिला बोलणार, या हिशोबाने मी भांडणाच्या तयारीत उभा राहिलो. त्यांनी जहाज डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अंगठा कुठं पडलाय म्हायती हाय? ही बारकी गोल खिडकी. तिच्या आत माझी केबिन."

ताई वाकली. "हितं ऱ्हायचात?"

"हितं. खाट आडवी, वर तुझा फोटो."

"आनि येवड्याशा खिडकीतनं दर्या बगायचात?" ती आणखी जवळ वाकली. "आनि मी मेली समजत होते, तिकडं मज्जा मारताव."

पॉलिशपेपर ड्रॉवरमध्ये गेला. मी भांडणाची तयारी सोडून चहा घेतला.

आता जहाज रंगवून टीव्हीशेजारी ठेवलंय. परवा भावोजींबरोबर जहाजावर असलेला बाबल्या आला, त्याने ते उचलून फिरवून बघितलं. "बोसन, मागं खिडकीशी ह्यो डाग ऱ्हायला. घासून काडा."

भावोजींनी जहाज त्याच्या हातातून काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे. उशिरा जहाजावर चडलीय ती, आता उतरवायची न्हाय."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "आवो, सिलिंडर संपला! आदी येऊन ती तुमची दोरी सोडा!"