अबोली रंगाचा साल्व्हिया

कोल्हापूरच्या पावसात साल्व्हियाची रोपं जगवणं कटकटीचं काम आहे. पाणी साचलं की खोडं कुजतात. म्हणून मी बी ट्रेमध्ये पेरून जिन्याखाली ठेवते आणि पाऊस ओसरला की रोपं घरापुढच्या वाफ्यात लावते. शेजारणी नावं ठेवतात. वास नाही, औषधाला नाही, मग लावायचं कशाला? मला आवडतं म्हणून.

गेल्या वर्षी लाल तुऱ्यांच्या झाडांत एक अबोली रंगाचं निघालं. असा रंग माझ्या वाफ्यात कधी आला नव्हता. त्याचं बी धरायचं ठरवलं आणि खूण म्हणून बुंध्याला देवघरातला लाल दोरा बांधला.

घटस्थापनेच्या सकाळी बाजारातून आले तर त्या जागी खड्डा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या जावेनं झाड मुळासकट उपटलं होतं आणि तुऱ्यांची माळ करून घटावर सोडली होती.

"विचारायचं नाही?"

"दोरा बांधल्याला व्हता की वो ताई. मला वाटलं, देवीसाठीच राखलंय."

"बियासाठी राखलं होतं."

"मग आता देवीची माळ उतरवतासा व्हय?"

सासूबाई वाती वळत राहिल्या. नवरा म्हणाला, "झाडच आहे ते." देवीचं नाव घेतलं की आमच्या घरात चोरीला चोरी म्हणायची सोय नाही. पावसाळाभर ट्रे आत-बाहेर करताना यांतलं कोणी दिसलं नव्हतं.

माळ उतरवून उपयोगही नव्हता, बी अजून कच्चं होतं. मी वर जाऊन जावेच्या कचऱ्याच्या बादलीत हात घातला. तुरे खुडून तिनं फांद्या टाकल्या होत्या. त्यांची खालची पानं काढली, पेराखाली काप दिला, ओल्या वाळूत खोचल्या. बहुतेक कुजल्या. दिवाळीच्या तोंडावर एक फुटली.

जाऊ फराळाचं ताट घेऊन आली, तिला कुंडी दिसली.

"बघा, देवीनं परत दिलं का न्हाय? उगंच माझ्यावर डाफरलासा."

"देवीनं नाही. तुझ्या कचऱ्यातून मी काढलं."

तिचं तोंड उतरलं. उतरू दे. तिनं अजूनही 'चुकलं' म्हटलेलं नव्हतं. मी ताट घेऊन ओट्यावर ठेवलं, तिच्यासमोर कुंडी उचलून माझ्या खोलीत नेली आणि दाराला कडी घातली.