ऊन कुणाच्या तोंडावर होतं? डेन्झिलच्या चाहत्यांसोबत नागपुरात दोन दिवस

जायचं की नाही, हे माझं ठरत नव्हतं. ठरवलं ते मनोहरभाऊंच्या फोनने. "ताई, या वर्षी तुम्ही याच. पुढच्या वर्षी हे गोदाम नाही राहत आपलं. पोरीकडं हैदराबादले राहाले चाललो मी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डेन्झिल हा जबलपूरच्या रेल्वे वसाहतीत वाढलेला गिटारवादक. ब्लूज-रॉक वाजवायचा. त्याच्या मोजक्या ध्वनिफिती निघाल्या, त्यासुद्धा आता धड मिळत नाहीत. काही वर्षांपूर्वी तो गेला. त्याचे चाहते मध्य भारतात विखुरलेले आहेत आणि दर जानेवारीत ते नागपूरजवळ वाडीला मनोहरभाऊंच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात जमतात. ऐकलेल्या मैफली एकमेकांना सांगायच्या, एवढाच कार्यक्रम. मोबाइलवर काही वाजवायचं नाही, चित्रफिती दाखवायच्या नाहीत. तोंडाने सांगायचं.

नियम एकच. एकट्याच्या सांगण्यावर मैफल झाली असं धरत नाहीत. तिथे हजर असलेलं आणखी कुणीतरी निघावं लागतं आणि त्याने पहिल्याने न सांगितलेलं काहीतरी सांगावं लागतं. याला ते 'जोडी लागणे' म्हणतात.

मनोहरभाऊ दरवर्षी सगळ्यांना जेवू घालतात, पण त्यांच्या स्वतःच्या मैफलीला आजवर जोडी लागलेली नाही. ते म्हणतात, डेन्झिल एकदा नागपुरातही वाजवून गेला. एका कॉलेजच्या मैदानावर, संध्याकाळी, कसलीही जाहिरात न होता. यावर कुणाचाच विश्वास नाही. मी त्या सुमारास नागपुरात शिकत होते आणि कुठल्याशा मैदानावर कुठलासा बँड ऐकल्याचं मला अंधूक आठवतं, असं मी मागे या चाहत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून बसले होते. फोन आला तो त्यामुळे.

माझी अडचण अशी की ते लिहिण्याआधी मी भाऊंची हकिकत ग्रुपवर वाचली होती. आता माझ्या डोक्यातलं माझं किती आणि त्यांचं किती, हे मला सांगता येत नव्हतं. तरीही तिकीट काढलं. नवरा म्हणाला, "नाही आठवलं तर नाही म्हणून सांग." हे त्याला सोपं वाटतं.

शनिवार

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी नागपूर येतं. जानेवारीत स्वेटर हाताशी ठेवा, स्टेशनबाहेर पडताच लागतो. राहायला सीताबर्डी सोयीची. लॉज साधे आहेत पण स्वच्छ मिळतात, मेट्रो आणि बस दोन्ही जवळ. खोलीत सामान टाकून मी तर्री-पोहे खाल्ले. सवय नसेल तर तर्री वेगळी मागा. मी मागितली नाही आणि पुढचा तासभर नाक पुसत हिंडले.

वाडी अमरावती रोडवर आहे. सिटी बस जाते. ऑटो केलात तर भाडं बसण्याआधी ठरवा आणि 'वाडी नाका' नुसतं म्हणू नका, गोदामांची ओळ नेमकी सांगा. रस्ता सगळा ट्रकांचा आहे. पायी चालायला जागा अशी नाहीच.

गोदाम अर्धं रिकामं झालेलं होतं. उरलेल्या पोत्यांना टेकून वीस-पंचवीस माणसं बसली होती. सूत्रं प्रज्ञाकडे होती. ती ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आणि कुणाची मैफल तपासायची असली की तिचा आवाज वर्गातला होतो. पहिली पाळी बिलासपूरच्या दुबेजींची होती. एका लग्नात डेन्झिलला वऱ्हाडी समजून आधी पंगतीत कसं बसवलं आणि मग स्टेजवर कसं चढवलं, हे त्यांनी फार रंगवून सांगितलं. त्यांची जोडी मागच्याच वर्षी लागलेली होती, त्यामुळे ते निर्धास्त होते.

मग भाऊ उठले. साठी ओलांडलेला उंच माणूस, पण उभं राहिल्यावर हात कुठे ठेवावे हे त्यांना कळेना.

"एक सूर धरला त्यानं. सोडेच ना. डोये मिटले होते. मी पाहून राहिलो ना समोरून! मावळतीचं ऊन सारं तोंडावर त्याच्या."

"भाऊ, तिथंच तर अडते," प्रज्ञा म्हणाली. "त्या मैदानाचा सिमेंटचा स्टेज पश्चिमेले आहे. वाजवणारा पूर्वेले तोंड करून उभा राहते. संध्याकाळचं ऊन त्याच्या पाठीवर येईन. तोंडावर कसं येईन?"

"आलं होतं."

"सूर्य काय उलटा मावळला त्या दिवशी?"

लोक हसले. दुबेजी म्हणाले, "भाऊ, खाना आपका बढ़िया है, कॉन्सर्ट रहने दो." भाऊही हसले, पण उशिरा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रज्ञानेही पाहिलं. "तू सांगतेस का वं काही?"

मी म्हटलं, उद्या सांगते. हे टाळणं होतं, पण त्या क्षणी दुसरं काही प्रामाणिकपणे बोलता आलं नसतं. हो म्हणणं फार सोपं होतं. भाऊंच्या हकिकतीतला एखादा धागा थोडा वेगळा करून सांगितला असता, तर कुणाला कळलंही नसतं. दुपारी पाटवडी रस्सा वाढताना भाऊंनी तो विषय काढला नाही, याचा मला जास्त त्रास झाला.

रविवार

सकाळी भाऊ गाडी घेऊन लॉजवर आले. "मैदान पाहून घ्या एक डाव. बोलायचं का नाही, ते तुमचं तुम्ही पाहा."

मैदान मला ओळखीचं वाटलं, पण सगळी मैदानं वाटतात. स्टेज पश्चिमेलाच होता, प्रज्ञाचं खरं होतं. मी जिथे लोक बसतात त्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि भाऊ येण्याची वाट पाहू लागले. ते आलेच नाहीत. वळून पाहिलं तर ते स्टेजला वळसा घालून पार मागे गेले होते, एका कडुलिंबाखाली.

"भाऊ, तिथे काय करताय?"

"इथंच उभा होतो ना मी!"

"स्टेजच्या मागे?"

"स्पीकर माह्याच ट्रकमध्ये आले होते. मीच चालवत होतो तेव्हा. ट्रक इथं लावला आन् ट्रकले टेकून ऐकलं."

"मग हे कधी सांगितलं नाहीत! काल समोरून म्हणालात."

"काहून सांगू? मागं उभा होतो म्हटलं तं लोक म्हणतीन, हा तं ड्रायव्हर होता, सामान उतरवाले आला होता. ऐकाले थोडी आला होता." मग म्हणाले, "आन् माह्या तं तो समोरच होता, ताई. तोंड माह्याकडंच होतं त्याचं."

तेव्हा मला एक गोष्ट आठवली, आणि ती आठवताच मी आधी तिच्यावर संशय घेतला. हॉस्टेलमधली माझी मैत्रीण शेंगदाणे खात म्हणाली होती, "हा आपल्याकडे पाठ करून काय उभा राहिलाय, रुसला की काय?" ती पाठ मला दिसत होती. काळी, कडेने उजळलेली, कारण ऊन तिच्या पलीकडे होतं. तो बराच वेळ वळला नव्हता. मला ते उद्धट वाटलं होतं आणि आम्ही बहुधा लवकर उठून गेलो.

हे भाऊंच्या हकिकतीत कुठेच नव्हतं. ग्रुपवरही नव्हतं. मी ते मनाने रचलं असेल का? असेलही. पण शेंगदाणे कुणी कशाला मनाने घालेल?

रविवार दुपार

गोदामात मी उभी राहिले आणि जेवढं आठवतं तेवढंच सांगितलं. एक गिटारवाला लोकांकडे पाठ करून उभा होता, मैत्रीण असं म्हणाली होती, ऊन त्याच्या पलीकडे होतं. भाऊ कुठे उभे होते ते मी बोलले नाही. ते सांगायचं तर त्यांनीच सांगायचं होतं.

प्रज्ञाने लगेच विचारलं, "पाठ काहून केली त्यानं?"

"मला माहीत नाही."

उत्तर तिलाच सापडलं. अशा वादनात अँप्लिफायर वादकाच्या मागे असतो. सूर लांबवायचा असेल तर तो वळून गिटार त्या अँप्लिफायरसमोर धरतो. मग त्याचाच आवाज तारेला हलवत ठेवतो आणि सूर विझत नाही. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मला सोडून. ती पुटपुटली, "म्हणजे सूर धरला तेव्हा तोंड पश्चिमेले." मग ती भाऊंकडे वळली. "भाऊ, तुम्ही कुठं होते?"

भाऊंनी एकदा गोदामाच्या दाराकडे पाहिलं. "मागं. ट्रकपाशी. ट्रक माहाच होता, मीच चालवत होतो."

कुणी हसलं नाही. मग दुबेजींनी मांडीवर थाप मारली. "आगे का भाऊ ने देखा, पीछे का मैडम ने. पूरा आदमी हो गया!"

तेव्हा सगळे हसले. प्रज्ञा मात्र माझ्याकडेच पाहत होती. "तो डेन्झिल होता?"

"ते मी सांगू शकत नाही. चेहरा मला दिसलाच नाही."

"चेहरा मी पाह्यला," भाऊ म्हणाले. आवाज चढला होता.

"लागली जोडी," प्रज्ञा म्हणाली. "इतके वर्षं ट्रकचं सांगितलं असतं तं कधीच लागली असती, भाऊ."

भाऊ वळले. चहाचं पातेलं उतू जात होतं, तिकडे गेले. निघताना मला सोडायला रस्त्यापर्यंत आले आणि ट्रकांच्या आवाजात जवळजवळ ओरडून विचारलं, "समोरून कसा वाटला होता तो सूर? मागून तं स्पीकरचा आवाजच येत नाही बरोबर. इतके दिवस कोणाले विचारता येत नव्हतं."

मी म्हटलं, "भाऊ, आवाज मला अजिबात आठवत नाही. फक्त पाठ आठवते."

त्यांनी मान हलवली. वाईट वाटलं की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. "संत्रा बर्फी घेऊन जा," ते म्हणाले. "स्टेशनवरची नका घेऊ. बर्डीवर ताजी भेटते."

घरी

नागपूरला जाणार असाल तर दोन दिवस पुरतात. चाहत्यांची बैठक यापुढे कुठे भरेल हे अजून ठरलेलं नाही. लकडगंजमधल्या एका हॉलचं बोलणं चाललं होतं.

नवऱ्याने विचारलं, "मग तो तोच होता?" मी म्हटलं, त्यांच्या नियमाप्रमाणे होता. माझ्या नियमाप्रमाणे अजून नाही. त्याने बर्फीचा डबा उघडला.

आल्यापासून ती संध्याकाळ मी पुन्हा पुन्हा आठवून पाहते आहे. मैदान, ऊन, ती काळी पाठ. पण आता तिच्या पलीकडे कडुलिंबाखाली एक ट्रक दिसतो आणि त्याला टेकलेला एक उंच तरुण माणूस. तो अगदी स्पष्ट दिसतो, बाकी सगळ्यापेक्षा स्पष्ट. तो मला त्या दिवशी दिसला नव्हता. कुणी कधी विचारलं, तर त्याला वगळून सांगावं लागेल.